शेवटच्या काचेवरचे काका

काकांच्या स्टुडिओत आजवर किती जोडपी शेजारी शेजारी बसून गेली असतील, याची मोजदाद नाही. काकूंचा मात्र काकांबरोबर एकही फोटो नव्हता. जिथे म्हणून फोटो निघाला तिथे काका कॅमेऱ्याच्या मागे होते. लग्नातलाही त्यांनी स्वतःच काढला होता. त्यात काकू एकट्याच उभ्या आहेत आणि शेजारी नवऱ्यापुरती जागा मोकळी आहे.

लग्नाला चाळीस वर्षे होत आली तेव्हा काकू म्हणाल्या, "आपल्या दोघांचा एक फोटो हवा. मोबाइलमधला नको, भिंतीवरचा."

काकांना हुरूप चढला. त्यांनी कपाटावरून आपल्या वडिलांचा लाकडी कॅमेरा उतरवला. पेटीच्या भात्यासारखे त्याचे चामडे, पितळेत बसवलेली लेन्स, आणि शटरच्या जागी नुसते एक टोपण. ते काढले की उजेड आत, लावले की बाहेर. सोबतच्या डब्यात, फिल्म येण्यापूर्वी वापरत तशी रसायनाचा थर दिलेली काच होती. एकच उरली होती.

"म्हणजे चूक करायला वाव नाही," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय मौनीबाबा, काढशील ना?"

मी होकारार्थी मान हलवली. फोटोग्राफरने हुकूम सोडायचे असतात: हनुवटी वर, खांदे सैल, इकडे बघा. तीन वर्षे मी या स्टुडिओत काम करीत होतो आणि माझ्या तोंडून 'जरा' याच्यापुढे शब्द फुटत नसे. गिऱ्हाइके माझी कीव येऊन आपणच सरळ बसत. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली शिरलो की मात्र मला बरे वाटे. तिथे जग उलटे दिसते, लहान दिसते आणि आपल्याकडून कशाचीही अपेक्षा करीत नाही.

खिडकीजवळ दोन खुर्च्या मांडल्या. काका खुर्चीवर बसले खरे, पण त्यांच्यातला फोटोग्राफर काही बसेना.

"लेन्सचं भोक किती ठेवलंस?"

"मोठं," मी म्हणालो.

"मोठं ठेवलंस तर एकावरच फोकस राहील. ही स्पष्ट आणि मी धूसर."

"लहान केलं तर वेळ वाढेल, काका. काच जुनी, तिला उजेड सावकाश लागतो. मग अर्धं मिनिट हलायचं नाही."

छिद्र, वेळ आणि काचेची ग्रहणशक्ती या तिघांचा एकत्र संसार असतो. एकाने हात आखडला की उरलेल्या दोघांनी सोसायचे. नव्या कॅमेऱ्यात हा तंटा आतल्या आत मिटतो. इथे तो मलाच मिटवायचा होता. मी दोन्ही खुर्च्या लेन्सपासून अगदी सारख्या अंतरावर आणल्या, छिद्र मोठेच ठेवले आणि बारा सेकंद ठरवले.

"पूर्वी लोकांच्या डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत, हलू नये म्हणून," काका काकूंना सांगू लागले. "आणि त्याही आधी तर गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला तर रस्ता रिकामा यायचा. चालणारी माणसं उमटायचीच नाहीत. एका फोटोत बूट पुसून घ्यायला थांबलेला एकटा माणूस तेवढा आला."

"चिमटा आहे का रे अजून?" काकूंनी मला विचारले. "मला नको, यांना."

मी टोपण काढले आणि मोजू लागलो. एक. दोन. काकू दगडासारख्या स्थिर. तीन. चार. पाचाला बाहेरचा ढग सरला, खिडकी उजळली आणि काकांची नजर तिकडे गेली.

"अरे, उजेड वाढला," म्हणत ते उठू लागले.

माझा हात आपोआप लेन्सवर गेला. टोपण बसले.

"काका, खाली बसा."

आवाज माझाच होता. काका मटकन बसले. इतक्या वर्षांत त्यांना स्टुडिओत कोणी दटावले नव्हते.

"झालं का?" काकूंनी ओठ न हलवता विचारले.

"अजून सात सेकंद, काकू. मधे थांबवलंय. श्वास घ्या."

"घेणार नाही. तू आटप."

त्या तसूभरही हलल्या नव्हत्या. काकांनी हे ऐकून त्यांच्याकडे वळून पाहिले, आणि पाहतच राहिले. वर्षानुवर्षे इतरांच्या बायकांच्या हनुवट्या सरळ करणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचा चेहरा असा पाहत होता, जणू तो आत्ताच उघडून त्यांच्यापुढे ठेवला आहे. 'इकडे बघा' म्हणायला हवे होते. आवाज तर आता फुटलाच होता. मी टोपण काढले आणि सहापासून बारापर्यंत मोजले.

लाल दिव्याखाली काकांनी काच धुतली. छाप काढून वाळत घातली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. काकू रेखीव उमटल्या होत्या. शेजारी काकांचा कोट एक होता, पण डोकी दोन, दोन्ही विरळ. एक समोर पाहणारे, दुसरे काकूंकडे.

"वाया गेली काच," काका म्हणाले.

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. "हे समोर बघणारे रोजचे. हे दुसरे कोण?"

"तोही मीच गं. चूक झाली ती."

"माझी यांच्याशी ओळख नव्हती." त्या माझ्याकडे वळल्या. "हा मोठा करून दे. बाहेरच्या खोलीत लावायचाय, येणाऱ्याला दारातूनच दिसला पाहिजे."

"लोक हसतील. फोटोग्राफरच्याच घरात बिघडलेला फोटो."

"हसू देत. या दोन डोक्यांपैकी एकाची तरी काही तक्रार दिसत नाही."

काका माझ्या कानाशी आले. "तू मला समोर बघायला का नाही सांगितलंस?"

मी मानेने फोटोतले दुसरे डोके दाखवले. तोवर काकूंनी खिळा कुठे हवा ते भिंतीवर बोट टेकवून दाखवले होते, आणि काका पुटपुटत स्टूल आणायला गेले.