काय खटकलं ते सांगा

माणसाचा आजार मला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून कळतो आणि स्वभाव तो काय वाचतो त्यावरून. औषधाच्या दुकानात बसून पहिली विद्या आपोआप येते. दुसरी मला समोरच्या वाचनालयाने दिली.

माझ्या काउंटरवरून रस्त्यापलीकडची दोन दारं सरळ दिसतात. डावीकडे वहिनींचं वाचनालय, उजवीकडे त्यांच्या दिरांचं फरशा, बेसिनं आणि कमोडचं शोरूम. इमारत एकच, दोघा भावांची. थोरले गेले आणि त्यांनी हौसेने काढलेलं वाचनालय वहिनींनी चालू ठेवलं. दिरांना सगळा रस्ता 'धाकटे' म्हणतो. ते यांना वहिनी म्हणतात म्हणून मग आम्हीही वहिनीच म्हणतो.

वाचनालयाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काचेचं एक कपाट. त्यात खून, पाठलाग, प्रेम आणि 'आयुष्य कसं सुधारावं' छापाचा ऐवज. सगळी गर्दी त्या कपाटापुढे. मागच्या खोलीत मात्र चारी भिंतींना मांडण्या: किड्यांवरची पुस्तकं, प्रवासाची, नाटकं, तुरुंगातल्या आठवणी, पूल कसे बांधतात, तारे कसे ओळखतात. तिकडे वहिनींखेरीज कोणी फिरकत नसे, आणि त्याही फडकं घेऊन.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि एका सकाळी धाकटे मोजायची टेप घेऊन त्या खोलीत शिरले. मी रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेलो होतो म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं.

"वहिनी, जरा टोक धरता?"

"कशाचं माप घेताय, भावोजी?"

"खोलीचं. गोदाम सोडतोय मी. पुढचं कपाट राहू दे तुमच्याकडे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण इथे काय आहे? रद्दी. या खोलीतलं एक तरी पुस्तक कधी हललेलं दाखवा."

"तुमची ती गुलाबी बेसिनं हलतात का?"

हे वर्मी लागलं. फिकट गुलाबी बेसिनांची टूम एका वर्षी आली आणि धाकट्यांनी माल मागवेपर्यंत निघूनही गेली. तेव्हापासून ती शोरूमच्या कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेली होती, आणि नवं गिऱ्हाईक आलं की धाकटे त्यांच्यापुढे उभे राहून बोलत.

"बेसिन हा माल आहे वहिनी. आज ना उद्या गिऱ्हाईक येतं."

"मग माझं आजच आणते. शाळा उघडायच्या आत या खोलीतलं प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी घरी जाईल. एका वेळी एका माणसाला एकच. मांडणीवर न हललेलं एक जरी उरलं, तर खोली तुमची. नाही उरलं, तर ही टेप घेऊन पुन्हा इकडे यायचं नाही."

धाकट्यांनी मांडण्यांवरून नजर फिरवली आणि तोंडभर हसले. "घरी नेऊन उशाला ठेवायचं नाही हं. वाचायला हवं."

"वाचूनच परत येईल. औषधवाले, तुम्ही साक्षीदार."

दोन्ही घरांचा रक्तदाब माझ्याच दुकानातून ताळ्यावर येत असल्यामुळे माझ्या साक्षीवर कोणाची हरकत नव्हती. हिशेब मात्र मी मनातल्या मनात तेव्हाच मांडला होता. मागची खोली गेली की पुढचं कपाट फार टिकणार नाही. आज खोके ठेवायला खोली हवी, उद्या कारकुनाला खुर्ची टाकायला जागा हवी. वहिनींना हे माझ्याआधी कळलेलं होतं. त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या बाजूला सारून त्यांनी माझ्याकडून घेतल्या त्या खोकल्याच्या, आणि त्याही बरणीसकट.

गोळ्या वाटून टाकल्या आणि बरणीत चिठ्ठ्या भरल्या. नियम सोपा. काचेच्या कपाटातलं काही हवं असेल तर आधी बरणीत हात घालायचा. चिठ्ठी सांगेल तसं पुस्तक मागच्या खोलीतून न्यायचं, ते परत आणायचं, आणि मग कपाट उघडणार.

पहिला दंगा टेलरबाईंनी केला. त्या प्रेमकथांशिवाय काही वाचत नसत, आणि मापं घेताना समोरच्या बाईला कथा सांगून दोन बोटं इकडेतिकडे करत. त्यांची चिठ्ठी निघाली: 'ज्या माणसाला तुम्ही घरात बसायला खुर्चीही देणार नाही, त्याने लिहिलेलं.'

"ही काय सक्ती आहे का, वहिनी?"

"सक्ती कसली, खेळ आहे. आवडलं पाहिजे असं मी म्हणते का? न्या, शिव्या द्या, पण न्या. परत आणाल तेव्हा मी एकच विचारणार, काय खटकलं ते सांगा."

टेलरबाई पाय आपटत गेल्या आणि एका तुरुंगाधिकाऱ्याचं आत्मचरित्र काखेत मारून आल्या. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा रस्ताभर ऐकू येत होतं. "काय खटकलं विचारता? हा मेला कैद्यांना लिहायला कागद देत नाही आणि वर म्हणतो मी दयाळू! याचा दुसरा खंड आहे ना? काढा. सोडणार नाही मी याला."

"कपाट उघडू ना? नवी प्रेमकथा आलीय."

"राहू द्या ती. आधी दुसरा खंड."

हा वहिनींचा खरा डाव होता, आणि तो माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आवडलं का, असं विचारलं की माणूस मान डोलावून मोकळा होतो. खटकलं काय, असं विचारलं की त्याला वाचूनच यावं लागतं. भांडायला सगळ्यांनाच आवडतं, निमित्त तेवढं हवं असतं.

दातांचे डॉक्टर पहाटे उठण्याच्या फायद्यांवरची पुस्तकं वाचत आणि पेशंटच्या तोंडात यंत्र घालून त्याला ते फायदे ऐकवत. त्यांना चिठ्ठी आली: 'ज्याचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही असं.' ते मागच्या खोलीत बराच वेळ उभे राहिले. शेवटी दीपगृहांवरचं एक पुस्तक घेऊन बाहेर आले.

"आणि हे उपयोगी निघालं तर?"

"तर दंड. इथे उभं राहून नाटकातला एक प्रवेश म्हणायचा."

डॉक्टरांनी दंड भरला. दीपगृहावर एकट्याने राहणाऱ्या माणसाचं वाचून म्हणे त्यांना दुपारी दवाखाना बंद ठेवून गप्प बसण्याचं सुख कळलं होतं. त्यांनी दोन बायकांच्या भांडणाचा प्रवेश दोन्ही आवाजांत म्हटला. टाळ्या ऐकून धाकटे शेजारून डोकावले आणि मांडण्या न्याहाळून गेले. मांडण्यांना भगदाडं पडायला लागली होती. परत आलेलं पुस्तकही मांडणीवर टेकायच्या आत दुसरं कोणीतरी नेत होतं.

माझी चिठ्ठी सगळ्यांत दुष्ट होती. मी खुनाच्या कथांवर वाढलेला माणूस. चिठ्ठी म्हणाली: 'ज्यात कोणीही मरत नाही.' मी पक्ष्यांचं पुस्तक नेलं. परत केलं तेव्हा वहिनींनी मधलंच एक पान उघडून समोर धरलं. "हे घुबड काय करतंय?"

"उंदीर खातंय."

"उंदीर जिवंत आहे का?"

"वहिनी, उंदराचा कसला खून!"

"बाद. दुसरं न्या."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मागच्या खोलीत एकच पुस्तक उरलं: लॉगरिदमच्या कोष्टकांचं. पानन् पान आकडे. धाकटे दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. टेपची डबी हातात घेऊन टेप बाहेर ओढायची, सोडायची, खट्. ओढायची, सोडायची, खट्. डॉक्टर आले, चाळून ठेवून गेले. टेलरबाई म्हणाल्या, याच्याशी भांडायचं तरी काय? वहिनी कोणाला आग्रह करत नव्हत्या. पण फडक्याने त्या तीच एक मांडणी सारखी पुसत होत्या.

मी दुकान नोकरावर टाकून रस्ता ओलांडला. "वहिनी, माझी चिठ्ठी अजून उभी आहे. यात कोणी मरतं का?"

त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "वरवर तरी नाही," म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

मी ते खरंच वाचलं. म्हणजे बोटाने रांगा धरून जमेल तेवढा खाली गेलो. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो, तर मागच्या खोलीच्या दारात फरशांचे खोके छातीपर्यंत रचलेले. रिकाम्या मांडण्यांवर नळ, आरसे, कमोडची झाकणं. धाकट्यांनी भल्या सकाळी माणसं लावून काम उरकलं होतं. बाकी पुस्तकं अजून लोकांच्या घरी होती.

"भावोजी, पैज काय ठरली होती?" वहिनींचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला भीती वाटली.

"पैज तुम्हीच जिंकलात. मी कुठे नाही म्हणतो? खोली वाचनालयाचीच. गोदाम रिकामं करून द्यावं लागलं, म्हणून तात्पुरतं ठेवलंय. जागा झाली की बघू."

'तात्पुरतं' हा शब्द मी ओळखतो. माझ्या दुकानात तात्पुरती आलेली एक खुर्ची माझ्या लग्नापासून आहे.

वहिनी माझ्या काउंटरवर आल्या, कोरे कागद मागितले आणि उभ्या उभ्याच चिठ्ठ्या लिहायला लागल्या. सगळ्यांवर एकच मजकूर: 'हातातलं पुस्तक अशा जागी बसून वाचा, जिथे आजवर कोणी वाचलेलं नाही. जागा: शेजारचं शोरूम. वेळ: रविवार सकाळ.' मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "ही चिठ्ठी नाकारायची असेल त्याने नाकारावी. पण मग उगाच हळहळायला माझ्याकडे यायचं नाही."

रविवार हा शोरूमच्या गिऱ्हाइकीचा दिवस. धाकट्यांनी दार उघडलं आणि आम्ही आत गेलो. टेलरबाई काचेजवळच्या सर्वांत महागड्या कमोडवर झाकण लावून बसल्या आणि तुरुंगाधिकाऱ्याचा दुसरा खंड उघडला. डॉक्टर बूट काढून बाथटबमध्ये आडवे झाले. मी लॉगरिदम घेऊन शॉवरच्या काचेच्या खोक्यात उभा राहिलो, कारण बसायला दुसरी जागाच उरली नव्हती. मागून माणसं येतच राहिली. खोक्यांवर, पायऱ्यांवर, फरशांच्या गठ्ठ्यांवर, जिथे टेकता येईल तिथे सगळे वाचत होते.

डॉक्टरांनी टबमधून मान वर काढली. "वहिनी, टेलरबाईंची जागा बाद करा. तिथे तर सगळेच वाचतात!"

"झाकण लावून कोणी वाचतं का? पुढे वाचा."

नवीन घर बांधणारं एक जोडपं फरशी बघायला आलं. नवरा दारातच थबकला. बायको मात्र टेलरबाईंच्या मागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागली आणि पान उलटायची वाट बघत राहिली.

धाकटे घामाघूम. "वहिनी, हे काय चालवलंय? माझा धंदा आहे हा!"

"तात्पुरतं आहे, भावोजी. जागा झाली की बघू."

"मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. काय सांगाल? माणसं बसून वाचतायत म्हणून?"

"औषधवाले, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी साक्षीदार आहे," मी काचेतून म्हणालो. "आणि आत्ता पानाच्या मध्यावर आहे."

धाकट्यांनी दुपारपर्यंत तग धरला, हे त्यांच्या खाती जमा करायलाच हवं. जोडपं फरशी न घेता वहिनींकडे सभासद होण्याची चौकशी करू लागलं, तेव्हा धाकट्यांनी आपल्या माणसांना हाका मारल्या आणि खोके हलवायला सांगितले. आमच्यातला एकही उठला नाही. मदत करणं माणुसकीचं झालं असतं, पण त्या दिवशी आमच्या चिठ्ठीत माणुसकीचा उल्लेख नव्हता. मांडण्या रिकाम्या झाल्याची खात्री वहिनींनी स्वतः करून घेतली, आणि मगच एकेक जण वाचनालयात पुस्तक परत करायला रांगेत उभा राहिला.

"लॉगरिदममध्ये काय खटकलं?" त्यांनी मला विचारलं.

"शेवट. तोही आकडाच असणार, हे मला पहिल्या पानावरच कळलं होतं."

त्यांनी हसून कपाटाची किल्ली माझ्यापुढे टाकली. मी ती उचलली नाही. सरळ बरणीकडे गेलो, तर बरणी जागेवर नव्हती. टेबलावर एक फिकट गुलाबी बेसिन होतं, आणि त्यात काठोकाठ चिठ्ठ्या.

धाकटे मागून आलेच. "वहिनी, हे माझं आहे."

"माहितीय. नवे सभासद आलेत, बरणी पुरत नाही. हललं ना एकदाचं?"

धाकटे बेसिन उचलायला वाकले. पण काठ धरायचा तर बोटं आधी चिठ्ठ्यांत बुडवावी लागत होती. ते तसेच वाकून थांबले. सगळी खोली त्यांच्या हातांकडे बघत होती.

"मी वाचणार नाही, सांगून ठेवतो," ते म्हणाले.

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "चिठ्ठी काढा आधी. नको म्हणायला तरी काय आहे ते बघा."