भिंती सरळ काढा

चित्रकलेच्या बाईंनी मुंगीच्या कागदावर खोडरबर फिरवला. छपरापासून जमिनीपर्यंत उतरलेली काळी, वाकडीतिकडी रेघ पुसट झाली, पण पुरती गेली नाही.

"किती वेळा सांगायचं? फळ्यावर आहे तशी शाळा काढ. भिंती सरळ."

"पण बाई, तडा आहे तिथे. सभागृहाच्या भिंतीला. मुंग्या आत जातात त्यातून. आधी खिडकीपर्यंतच होता."

वर्ग हसला. जमिनीला नाक लावून काहीबाही बघत बसायची खोड, म्हणून वर्गानेच तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. बाईंनाही हसू आलं, ते त्यांनी गिळलं. खरं तर हीच पोर त्यांना सगळ्यांत लाडकी. बाकीची मुलं फळ्याची री ओढायची. ही एकटी खिडकीबाहेर बघून काढायची. पण सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते, आणि सगळी चित्रं एकसारखी हवीत असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. मोठ्या बाई शाळेच्या प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तपासणी नीट पार पडली तर चित्रकलेच्या बाईंची नोकरी कायम होणार होती.

त्यांनी मुंगीला नवा कागद दिला. तिने बराच वेळ फळ्याकडे पाहिलं आणि दोन खिडक्यांची, सरळ भिंतींची शाळा काढली.

"आत्ता कसं!" म्हणत बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात चांदणी काढली. मुंगीला मिळालेली ती पहिलीच चांदणी.

चित्रं लावायला मोठ्या बाईंनी सभागृहाची तीच भिंत दाखवली.

"इथे? इथे खरंच तडा गेलाय, बाई."

"म्हणून तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. डागडुजीचं सुट्टीत बघू."

बाईंनी खळ लावून, कडेला कड भिडवून भिंत भरून काढली.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांनी सभागृहाचं कुलूप उघडलं. मधल्या उभ्या रांगेतली सगळी चित्रं वरपासून खालपर्यंत फाटली होती. प्रत्येक शाळेचे दोन तुकडे. बाईंनी फटीत बोट घातलं. ते सहज आत गेलं आणि त्याला बाहेरचा गार वारा लागला.

"खळ सुकली की कागद ओढला जातो," मागून आलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या. "वरून दुसरी चिकटवा. साहेब आले की सगळे वर्ग इथेच बसवायचेत."

"बाई, भिंत पडेल."

"इतकी वर्षं नाही पडली, ती आज पडणार? आणि तुमच्या नोकरीच्या कागदावर आज सही व्हायचीय, विसरू नका."

बाई विसरल्या नव्हत्या. विसरल्या असत्या तर तिथेच भांडल्या असत्या. स्वतः तोंड उघडायची छाती होत नव्हती. पण मुलांनी भिंत जशीच्या तशी काढली आणि ती चित्रं साहेबांच्या हातात पडली, तर खळीचं नाव कोण घेणार?

त्यांनी आपला वर्ग मैदानाच्या पार टोकाला नेऊन बसवला.

"समोर बघा आणि शाळा काढा. दिसते तश्शी."

तडा बाहेरूनही स्पष्ट दिसत होता, छपरापासून जोत्यापर्यंत. मुलं माना खाली घालून कामाला लागली. बाई रांगांमधून फिरल्या. दोन खिडक्या, सरळ भिंती. पुढच्या कागदावर दोन खिडक्या, सरळ भिंती. समोरच्या भिंतीला खिडक्या तीन होत्या.

त्या मुंगीपाशी येऊन खाली बसल्या.

"मुंगे, तडा कुठे गेला गं?"

"आता नाही काढत मी." तिने कागद पुढे केला. त्यावर चांदणीसाठी कोपरा मोकळा सोडलेला होता. "असंच ना, बाई?"

तेवढ्यात घंटा झाली. फाटकातून साहेबांची गाडी आत वळली. हाताची घडी, तोंडावर बोट, अशा बाकीच्या वर्गांच्या रांगा सभागृहाकडे निघाल्या.

बाई उठल्या आणि धावत सुटल्या. नोकरी, सही, सगळं मागे राहिलं.

"थांबा! आत जाऊ नका!" त्यांनी जीव खाऊन हाक मारली.

एकही मान वळली नाही. रांगेत असताना कुणीही हाक मारली तरी मागे बघायचं नाही, हे आठवडाभर त्यांनीच सगळ्या वर्गांकडून घोटून घेतलं होतं.