तुंगाबाईंचा हात

दसऱ्याच्या सकाळी तुंगाबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. राजवाड्यातून निघणाऱ्या हत्तींच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होणार, म्हणून पाहुणे नजरबाद भागातल्या या घरी लवकरच आले होते. आज नात पूजिताचा अक्षराभ्यास होता. चांदीच्या ताटात तांदूळ पसरून त्यात तिच्या बोटानं पहिलं 'श्री' काढायचं होतं.

तुंगाबाई सरकारी शाळेत पहिलीच्या बाई होत्या. हुणसूरकडच्या तंबाखूच्या गावात नोकरी सुरू झाली. हंगामात वर्ग निम्मा ओस पडायचा आणि त्या मुलांना आणायला घरोघर फिरायच्या. पाटीवर स्वतःचं नाव उमटलं की मूल आधी पाटीकडे बघतं, मग बाईंकडे. त्या बघण्यासाठी त्यांनी बढती नाकारली होती.

मुलगा श्रीनिधी तिसरीत असताना त्यांचा नवरा गेला. तेव्हापासून शाळेच्या शारदापूजेत रांगोळी त्यांची असे, आरतीला मात्र त्या मागच्या भिंतीशी. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल मिळाली. हळदीकुंकवाचं ताट त्यांना वळसा घालून शेजारच्या बाईंकडे गेलं. कुणालाही ते खटकलं नाही. त्यांनी शालीची घडी करून ती पिशवीत ठेवली.

दीर वासुदेवराव दारात आले.

"वहिनी, पहिलं अक्षर होईपर्यंत तुम्ही आतच असा. अंबुजा धरील मुलीचं बोट. सुमंगली, सवाष्णच पाहिजे, अल्लवा? तुम्हाला ठाऊकच आहे सगळं."

"ठाऊक आहे."

"वाईट वाटून घेऊ नका म्हणजे झालं."

"तांदूळ निवडून झालेत," तुंगाबाई म्हणाल्या. "न्या."

बाहेर वासुदेवरावांच्या पत्नी अंबुजाकाकूंनी पूजिताला मांडीवर घेतलं. पूजितानं हात पाठीमागे लपवला.

"अज्जी कुठंय?"

"येईल गं अज्जी. आधी श्री काढूया, बोट दे."

"बोट अज्जी धरते."

"शेवटी मास्तरणीची नात," वासुदेवराव हसले. पाहुणेही हसले.

श्रीनिधी आत आला. "आई, इथूनच तिला सांग ना, काकूंना बोट दे म्हणून. तुझं ऐकेल ती. उद्यापासून रोज संध्याकाळी तूच शिकवणार आहेस. आज सुम्ने, उगाच वाद नको."

"संध्याकाळी माझा हात चालतो?"

"तसं नाही गं. काका मोठे आहेत, लोक जमलेत."

"तुझं बोटही मीच धरलं होतं. तेव्हा तुझे वडील होते. त्यानंतर या हाताला काय झालं, ते सांग."

इंजिनीअर झालेल्या त्या मुलानं आजवर हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

तुंगाबाई बाहेर आल्या. हसणं थांबलं.

"वहिनी, मुहूर्त टळतोय," वासुदेवराव दबक्या आवाजात म्हणाले.

"टळू दे नाहीतर साधा. अंबुजा, माझा तुझ्यावर राग नाही. लिहून घे तिच्याकडून. पण मग रोजचा अभ्यासही तूच घे. आज जो हात नको, तो उद्या मिळणार नाही."

"मला कुठं जमतंय ते, अक्का," अंबुजाकाकू पुटपुटल्या आणि त्यांनी मुलीला मांडीवरून उतरवलं.

सून सहना पुढे आली. तिनं ताट उचलून सासूसमोर ठेवलं.

"अत्ते, तुम्हीच धरा."

"सहना, शास्त्र आहे ते," वासुदेवराव म्हणाले.

"हिला जन्मल्यापासून न्हाऊमाखू यांनीच घातलं, काका. तेव्हा कुणी शास्त्र काढलं नाही."

तुंगाबाईंनी ताटाकडे पाहिलं. इतकी वर्षं मनात हेच तर हवं होतं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"आज नको, सहना. भांडून मिळालेली जागा आहे ही. मुहूर्त संपला की परत काढून घेतील. हिचं पहिलं अक्षर उद्या पाटीवर आम्ही दोघीच काढू. आणि यापुढे या घरातल्या कुठल्याच कार्याला मी आत बसणार नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी येऊ नये."

"मग आता लोकांना काय सांगायचं?" वासुदेवरावांनी विचारलं.

"जे झालं ते. पानं वाढलीत, जेवून घ्या."

पाहुण्यांत काहीजण पहिलीत तुंगाबाईंच्याच वर्गात शिकले होते. याच हातानं त्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती. त्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. माना खाली घालून ते जेवले, वर खीर मागून घेतली आणि मिरवणूक बघायला गेले.

तुम्ही-मी, आपणही आजवर अशा पंगतींतून असेच जेवून उठलो आहोत.