वालाचं पोतं

बायको गिरजाबाई गेली हे महिपतीला वडखळच्या नाक्यावर कळलं. तो तिच्यासाठी तापाच्या गोळ्या घेऊन निघाला होता. शेजारच्या जनूने मोटारसायकल आडवी घातली आणि म्हणाला, "काका, गोळ्या राहू द्या."

आदल्या संध्याकाळी ती कापत होती. घाम सुटला होता, लाळ गळत होती. हिवताप समजून महिपतीने तिच्यावर दोन गोधड्या टाकल्या. सकाळी तो गोळ्यांना गेला आणि मागे तिला उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी पेणला नेलं, पण ती वाटेतच संपली. मृत्यूच्या दाखल्यावर उलटी-जुलाब लिहिलं गेलं.

चार दिवसांनी तांबू कापायला लागला. गिरजाने पिलापासून वाढवलेला कुत्रा. ती गेल्यापासून तिने भरून ठेवलेल्या वालाच्या पोत्यावरच पडून असायचा. भाकरीला तोंड लावेना. जो येई तो म्हणे, मुका जीव बाईच्या आठवणीने झुरतोय. महिपतीला ते ऐकवेना. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा शेजारीण हौसा सगळ्यांदेखत म्हणाली, "कावला कशाला येतोय भावोजी? गिरजाचा जीव तांबूत हाय. बगा कसा कापतोय." दुसऱ्या दिवशी बायका कुत्र्याला हळदकुंकू लावायला आल्या. महिपतीने ताट भिरकावून दिलं.

मुलगी शकू रोह्याजवळ वरसे गावात राहायची. तिने टेम्पो सांगितला. तांबू पोत्यावरून उतरेना, म्हणून पोत्यासकट त्याला रोह्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने कुत्र्याचे डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मग त्याने पोत्याला नाक लावलं आणि झटकन मागे सरला.

"हा दुःखाने कापत नाही. याला विष भिनलंय. वाल कशात घोळलेत?"

महिपती सांगायला लागला. दरसाल गिरजा बियाण्याचे वाल लाल मातीत चोळून वाळवायची, म्हणजे किडा लागत नाही. यंदा त्यानेच रामवाडीला कमळाकरच्या दुकानातून किडा मारायची पावडर आणली होती. सुटी, वर्तमानपत्राच्या पुडीत. गिरजा अख्खी दुपार कोपरापर्यंत हात घालून वाल चोळत बसली होती. त्याच संध्याकाळी कापायला लागली.

तांबूला इंजेक्शनं दिली, साबणाने धुतलं. शकू रडली नाही. बापाला घेऊन तडक रामवाडीला गेली आणि कमळाकरला चारचौघांत नाही नाही ते बोलली. महिपतीने त्याची गचांडी धरली.

कमळाकर म्हणाला, "पावडर सगलं गाव नेतं. उघड्या हातानं चोला, असं मी सांगितलं व्हतं?"

महिपतीचा उगारलेला हात तिथेच थांबला. शकू म्हणाली, "मग कुणी सांगितलं? आई तर अशा पुडीला हात लावायला भ्यायची."

महिपतीने गचांडी सोडली आणि तो रस्त्याला लागला. गिरजाने त्या दिवशी दोनदा विचारलं होतं, हाताला काय बांधू का. शेतावर जायची घाई होती. तो खेकसला होता, "मातीसारखीच चोल गो, काय व्हत नाय."

तांबू आता कापत नाही, भाकरी खातो. दाखल्यावर अजून उलटी-जुलाबच आहे. आणि कुणी सांगितलं, हे शकूला सांगायचं राहिलंय.