डफाच्या कडेचं गणित

मी एक जुना डफ आहे, मित्रांनो! पुसेगावच्या अलीकडच्या तांड्यावर, बाबूसिंग बापूंच्या घरी खुंटीवर असतो. लाकडाची गोल कडी आणि बकरीचं कातडं, एवढंच माझं अंग. पण होळीच्या लेंग्या, म्हणजे तांड्यावरची फेर धरून म्हणायची गाणी, सुरू झाल्या की माझ्याशिवाय कुणाचा पायच उचलायचा नाही. काय दिवस होते ते!

२००३ च्या होळीला मात्र माझा आवाज बसला. बापूंनी नेहमीसारखं मला जाळावर धरून मधोमध शेकलं. तरी आपलं ढप्प!

त्याच दिवसांत त्यांची मिना एम.एस्सी. करून घरी आली होती. पुढं संशोधन करायला तिला पुण्यात जागा मिळाली होती. अडलं होतं ते बापूंच्या होकारापाशी.

"तू तिथं काय शिकणार ते सांग. समजलं तर जा, न्हाई तर सोयरीक पाहतो," बापू म्हणाले.

"अवो, तुमाला घड्याळ कळत न्हाई, अन् हे कळणार!" मिनाची आई अनुसयाबाई चुलीपासून हसल्या.

मिना माझ्याकडं बघत होती. "बापू, मधात काहून शेकून राहिले? दुखणं कडेला हाय."

तिनं माझ्यावर हळदीचा भरडा पसरला आणि बोटानं टिचक्या मारल्या. (गुदगुल्या झाल्या हो!) दाणे नाचत नाचत आकृतीत बसले. एका बाजूला आकृती सुबक, दुसरीकडं वाकडी. तिथंच माझं कातडं कडीपासून सुटलं होतं.

"मी हेच शिकते, बापू. आमचा पडदा या कातड्यासारखाच, पण कागदावरचा, दोनच मितींचा: लांबी अन् रुंदी. मधात नियम सगळीकडं एकच. लहानमोठा ताणला तरी त्यावरच्या रेघांमधले कोन मोडत न्हाईत. पण कडेला तो बांधलाय का मोकळा, हे ठरल्याबिगर सूर ठरत न्हाई. कडेला कोणत्या अटी चालतात, ते आमी आकृत्यांवरून शोधतो."

बापूंनी पुन्हा पुन्हा विचारलं, मग माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हंजे इतकी वर्सं मी मधातच शेकून राहिलो व्हय!"

त्यांनी कातडं भिजवून नव्यानं आवळलं, वाळवलं, मग थाप मारली. खणखणीत!

मिना पुण्याला निघाली त्या सकाळी बापू मला वाजवत फाट्यापर्यंत आले. एसटी दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात थांबेना.

आता होळीला डीजे लागतो, मी भिंतीवर सुकतो. मित्रांनो, माझ्यासारख्यांना वर्षातून एकदा तरी खाली काढा. आणि घरातली लेक काही सांगू लागली, तर समजेपर्यंत ऐका. बापूंना एका टिचकीत कुठं समजलं? तीन वेळा विचारलं त्यांनी!