भाग्याक्काच्या खुणा

"ही साइट उघडायची न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं, आक्का?"

राजकुमार सरांचा आवाज पाठीमागून आला तेव्हा भाग्यलक्ष्मीचं बोट माउसवर होतं. आधी तिनं ते दाबलं, मग मान वळवली.

"सांगितलंय की. भिंतीवर बी लावलंय. मीच चिकटवलंय."

ते खरं होतं. 'माहिती शोधण्यासाठी फक्त सर्च इंजिन वापरावे. लिंका साठवण्याच्या साइटना मनाई आहे. – सचिव.' निपाणीच्या त्या वाचनालयात ती शिपाई होती आणि नोटिसा चिकटवणं तिचं काम होतं. चारी कोपऱ्यांना खळ लावून, एकही सुरकुती न ठेवता तिनं ती चिकटवली होती. काम म्हणजे काम. पाळायचं की नाही, तो प्रश्न वेगळा.

भाग्यलक्ष्मी सातवीपर्यंत शिकली. त्यानंतर वीस वर्षं तिनं विड्या वळल्या. वाचनालयात लागल्यावर संगणक पुसता पुसता ती तो शिकली. म्हणजे बसणाऱ्यांच्या पाठीमागं फडकं घेऊन उभी राहून. पुसायला इतका वेळ लागतो का, असं कुणी विचारलं नाही. शिपाईबाईकडं कोण बघतंय!

त्यात तिला ही खुणांची साइट सापडली. उपयोगाचं पान दिसलं की त्यावर खूण करायची, कशाचं आहे, कुणाला लागेल, ते चार शब्दांत लिहायचं. ते सगळ्यांना दिसतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच माणसं तिथं खुणा करत. कुणी पॉवरलूमच्या सुट्या भागांची पानं ठेवत, कुणी कन्नड अर्जांचे मराठी अर्थ. भाग्यलक्ष्मीच्या आजवर सहाशेच्या वर खुणा झाल्या होत्या.

"टाइमपास हाय तो," राजकुमार सर म्हणाले. ते वाचनालयाचे सचिव. गावात त्यांचा संगणक क्लास चालायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला एकदा कळलेलं पुन्हा तपासायची सवय नव्हती. "सर्चला एक शब्द टाकला की सेकंदात लाखभर निकाल येत्यात."

"लाखभर येत्यात म्हणूनच की. ह्या बाईला एकच पायजे."

बाकावर कोगनोळीच्या मालुबाई बसल्या होत्या आणि त्यांची मुलगी ऋतिका. ऋतिकाला कोल्हापुरात इंजिनियरिंगला जायचं होतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी थोड्या जागा राखीव असतात. तिचे गुण त्या जागेला पुरत होते. गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले हवे होते. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. हातात दाखला एकही नव्हता.

"काल दिवसभर काय केलासा?" सरांनी विचारलं.

"कागलला गेलतो," मालुबाई म्हणाल्या. "फोननं कागल दाखवलं. तितला सायेब भला माणूस. म्हणाला, मावशी, तुमचं गाव आमच्याकडं न्हाय, तुमी कर्नाटकात हाय."

"म्हायत न्हवतं व्हय तुमास्नी?"

"म्हायत हाय की ओ! पर फोनला कुटं म्हायत हाय? आमच्या सैपाकघरात त्यो म्हाराष्ट्रात असतोय, सोप्यात आला की कर्नाटकात."

ऋतिका हसली आणि लगेच गप्प झाली. शोधलं तिनंच होतं. मराठीत विचारलं म्हणून यंत्रानं तिला महाराष्ट्रातली धरलं आणि कागलची कचेरी दाखवली. कन्नडात विचारलं तेव्हा बेंगळूरची पानं आली, त्यात सीमाभागाचं नावच नव्हतं. मधे जाहिराती: दाखला काढून मिळेल, फोन करा. इथली माणसं नेमकी अशीच चुकतात. भाषा एका राज्याची, शिक्का दुसऱ्याचा.

"मी सर्चला आदी बघितलं सर," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "नियम पाळला. तुमचं यंत्र बी ह्यास्नी कागललाच धाडालंय परत. आता माझ्या माणसास्नी विचारतो."

तिनं 'सीमाभाग दाखला' असं टंकलं. तीन खुणा आल्या. पहिली खानापूरच्या कुणा भरमूची, दोन वर्षांपूर्वीची. तिनं ती मोठ्यानं वाचली.

'दाखला महाराष्ट्रात मागू नका. दोन्ही दाखले आपल्याच तालुक्याच्या तहसीलदार कचेरीत मिळतात. अर्ज कन्नडात, त्याचा नमुना खाली जोडलाय. आधी बारावीच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं मातृभाषेचं पत्र घ्या, त्याशिवाय अर्ज घेत नाहीत. दुपारी बाराच्या आत दिला तर त्याच दिवशी मिळू शकतात, तिथंच बसून राहा. हे मला मुदत संपल्यावर कळलं. आमच्या सूरजचं वर्ष गेलं. तुमच्या लेकराचं जाऊ नये म्हणून लिहिलंय.'

मालुबाई बाकावरून पुढं सरकल्या.

"ह्यो भरमू कोण तुमचा?" मालुबाईंनी विचारलं.

"म्हायत न्हाय. कवा बघितला न्हाय."

"मग खरं कशावरनं?"

"पोराचं वर्ष गेलेला माणूस खोटं लिवायला कशाला बसंल, मालुबाई?"

"दोन वर्षांपूर्वीचं हाय," राजकुमार सर म्हणाले. "बदललं असलं तर?"

"असंल बी. बसून ऱ्हायलं तर मात्र गेलंच." तिनं नमुना छापून काढला आणि ऋतिकाच्या हातात दिला. "पळ. आदी कॉलेज, मग कचेरी. आईला रिक्षात बसवून मागनं धाडतो."

साडेदहा वाजले होते.

त्या दिवशी भाग्यलक्ष्मीनं वर्तमानपत्रं दोनदा लावली. चहा घेऊन गेली तर सर म्हणाले, "साखर इसरलासा." ती म्हणाली, "आज असाच प्या."

चार वाजून वीस मिनिटांनी ऋतिका धावतच आत आली. दोन्ही दाखले हातात होते, शिक्क्याची शाई अजून ओली. मागून मालुबाई धापा टाकत आल्या. भाग्यलक्ष्मीनं भरमूच्या खुणेखालची प्रवेशाच्या अर्जाची लिंक दाबली.

पान उघडलंच नाही. पुन्हा दाबली. 'हे पान आता उपलब्ध नाही.'

ऋतिकानं घड्याळाकडं बघितलं. भाग्यलक्ष्मी खुर्चीतून उठली आणि तिनं खुर्ची राजकुमार सरांकडं वळवली.

"बसा सर. हितं माझी माणसं जुनी झाली. तुमचं यंत्र लावा."

सर बसले. त्यांनी दोन शब्द टाकले, एक काढला, तिसरा टाकला. जाहिराती ओलांडून खाली गेले आणि मिनिटभरात या वर्षीच्या प्रवेशाचं सरकारी पान काढलं. माणसाचा हात बसलेला होता, हे कबूल करायला हवं. दाखल्यांचे फोटो चढले. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी अर्जाचा क्रमांक आला. मालुबाईंनी पडद्याला हात जोडले, मग सरांना, मग भाग्यलक्ष्मीला. सर ओशाळून म्हणाले, "बघितलासा, आक्का? शेवटी सर्चच लागलं."

"लागलं की. पर दाखला कंचा जोडला असता? कागलचा?"

सर उठताच ती पुन्हा बसली आणि नव्या पानावर खूण करायला लागली.

"आता आणि काय?"

"लिवालोय. 'भरमू अण्णांचं आजही खरं. निपाणीत आज मिळाला. जुनी लिंक गेली, नवी ही.' सरांनी शोधली म्हणून घालू?"

"माझं नाव नको!" सर म्हणाले. "बंद करा ते आदी."

तिनं खूण पुरी केली आणि मगच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या नावानं कागद निघाला. मनाई असलेली साइट दोनदा, सचिवांसमक्ष उघडली. लेखी खुलासा द्यावा, अन्यथा संगणक खोलीतून काढून झाडलोटीवर ठेवण्यात येईल. सर तिच्याकडं न बघता म्हणाले, "समितीच्या कानावर गेलंय. मला करावं लागतंय, आक्का. चुकून झालं म्हणून लिवा, मी मिटवतो."

"चुकून झालं न्हाय ओ, सर."

दुपारी वाचक पांगल्यावर ती खुलासा लिहायला बसली. अक्षर तिचं गोल, शाळेतल्यासारखं. 'साइट मी उघडली. कुणाला गरज लागली तर परत उघडीन. खोलीत ठेवा न ठेवा.' खाली पूर्ण नाव, तारीख.

सचिवांकडं जाणारे कागद नोंदवून पोचवणं हेही शिपायाचंच काम. तिनं आवक वहीत स्वतःचं नाव लिहिलं, कागदावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि तो नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. मग पोचवही उघडून त्यांच्यापुढं धरली.

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "शेवटची दोन वाक्यं तेवढी काढा," ते हळू आवाजात म्हणाले.

भाग्यलक्ष्मी वही धरून उभी राहिली. सर खिसे चाचपायला लागले, ड्रॉवर उघडला, मिटला.

तिनं आपलं पेन टोपण काढून त्यांच्यापुढं केलं.

"पोचलं म्हणून सही करा, सर."