बाभळींच्या आडोशाला

वाळूजच्या कंपनीबसमध्ये पहाटे सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या असतात.

शेळीने खाल्लेल्या शेंगेतलं बी लेंडीतून पडतं आणि लवकर रुजतं.

शिवराजच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. एकावर समुद्र आहे.

चुलीवरचा चहा.

"माय, आता हो म्हण की," गोकुळ म्हणाला.

चतुराबाईने बांधावरच्या चुलीत फुंकर घातली. "आधी च्या पी."

तिच्या तुरीच्या वावरापुढे धरणाचं पाणी पसरलेलं, आणि पाण्यात थोड्या अंतरावर एक लांबट, चिंचोळं बेट. त्यावर दाट बाभळी. उन्हाळ्यात पाणी हटलं तेव्हा पुतण्या शिवराजने मधल्या बाभळी तोडल्या. काठावर तंबू टाकायचे, शहरातल्या पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायचा. धंदा जमला तर गोकुळ वाळूजची पाळी सोडून घरी येणार होता. म्हणून चतुराबाई तेव्हा गप्प राहिली.

आता उरलेल्याही तोडायच्या होत्या. ती हो म्हणाली की झालं.

तोडलेल्या जागेसमोर शिवराजने नवा तंबू ठोकला आणि लांबूनच ओरडला, "मोठी माय, इकडं ये! काय नजारा हाय! डिट्टो समिंदर!"

"तू पाह्यला का रे समिंदर?"

"रोज इकतो की!"

गोकुळच्या नाकातून चहा आला. चतुराबाई पदराने त्याचं तोंड पुसायला गेली आणि तो चाळिशीचा माणूस मान मागे घेऊ लागला. तिला वाटलं, जाऊ दे बाभळी. हा रोज असा समोर बसणार असेल तर जाऊ दे.

हो तिच्या ओठांवर आलंच होतं.

वारा.

बाभळी तोडल्या तिथे बेट खचून फट पडली होती, तिच्यातून लाटा आत घुसल्या. तंबू फुगला, उठला, एक गिरकी घेऊन पाण्यात बसला.

"अरे पकडा! नवा हाय!" शिवराज मांडीभर पाण्यात. खुंट्या तरंगत चालल्या होत्या.

दोघांनी तंबू ओढून आणला, पिळला. शिवराज कुडकुडत चुलीपाशी आला. जाळ सरळ उभा होता. राखसुद्धा हलत नव्हती.

गोकुळ बघत राहिला. "माय, इथं वारं कसं नाय?"

"म्होरं बाभळी हायेत ना."

तो काठाकाठाने चालत गेला. बाभळींच्या आड पाणी परातीतल्यासारखं निवांत होतं. बेटाच्या कडेला मुळ्यांमधून माशांची पिल्लं फिरत असतील, कारण बगळे तिथेच टपून होते. फटीसमोर मात्र काठ आत खचलेला. तुरीची एक ओळ अर्धी हवेत, मुळ्या उघड्या. पुढची ओळ नव्हतीच. ती कुठवर होती हे त्याला आठवत होतं.

परत आला तेव्हा तो हसत नव्हता. "हे कधीपासून?"

"आवंदा पाणी चढल्यापासून."

"बोलली नाय तू."

"तू येतो म्हणला व्हतास."

गोकुळने खुंटी उचलली, चुलीच्या पलीकडे मातीत रोवली आणि दगडाने ठोकू लागला.

"दादा, इथून बाभळीच दिसतेत!" शिवराज म्हणाला. "पाहुणे काय बघतील?"

"सांजंला बगळे बसले की झाड पांढरं व्हतं, ते बघतील. न्हाय तर तुला बघतील, तंबूमागं पळताना."

"अन् पाळी?" शिवराजने विचारलं.

"दिवाळीपर्यंत करतो. मंग हाये मी हितंच." त्याने आईकडे पाहिलं नाही. "ती फट तेवढी वाईट झाली, माय. कशी भरायची?"

"भरंल," चतुराबाई म्हणाली आणि त्याच्या कपात उरलेला चहा ओतला.

संध्याकाळी बगळे आले. शिवराजने कव्हर काढून मोबाइल पुसला आणि फोटो काढले.

धरण पहिल्यांदा भरलं त्या वर्षी बेटावर एकही झाड नव्हतं. तिथे अडकलेल्या आपल्या शेळ्यांना नवी नवरी चतुराबाई रोज होडीतून बाभळीच्या शेंगा नेऊन टाकत होती.